‘अजाइलला मॅनेजर लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी पांझरेचा फड बघावा

जळगाव-धुळ्याच्या आयटीवाल्यांच्या ग्रुपांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. रात्री अकराला एकाने टाकला की सकाळी तोच दुसऱ्या ग्रुपवरून परत येतो. विषय अजाइल, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या छोट्या टप्प्यांत, गिऱ्हाइकाला दाखवत करायची पद्धत. मजकूर साधारण असा: ‘अजाइल म्हणजे मॅनेजर नको, आराखडा नको, कागद नको. रोज पंधरा मिनिटं उभं राहून बोला, काम दुप्पट वेगाने होईल.’ खाली टाळ्यांचे हात. एकदा मीही टाळी दिली होती, म्हणून हे लिहिण्याचा थोडा हक्क माझाही आहे.

कागदाचं आधी उरकतो. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात, स्नोबर्ड इथे, १७ जणांनी अजाइलचा जो जाहीरनामा लिहिला, त्यात जाडजूड कागदपत्रांपेक्षा चालणाऱ्या सॉफ्टवेअरला जास्त मोल दिलंय, हे खरं. पण त्याच जाहीरनाम्याच्या शेवटी असंही म्हटलंय की ज्या गोष्टींना आम्ही कमी मोल देतो त्यांनाही मोल आहेच. संदेश बनवणाऱ्याने नेमकं ते वाक्य गाळलं.

आता दुप्पट वेग. स्क्रम ही अजाइलने काम करायची एक रीत. तिची जी अधिकृत मार्गदर्शिका आहे (ताजी आवृत्ती २०२० ची), तिच्यात रोजच्या बैठकीला पंधरा मिनिटं दिलीत. उभं राहा असं कुठेच म्हटलेलं नाही. ती प्रथा, बैठक लांबू नये म्हणून. मे महिन्यात, पारा ४५ वर आणि लाइट गेलेली, अशा आमच्या ऑफिसात तर ती पाच मिनिटांतच आटोपते! प्रश्न पायांचा नाहीच. बहुतेक ठिकाणी ही बैठक हजेरी झालीये. काल काय केलं, आज काय करणार, हे प्रत्येक जण साहेबाकडे बघून म्हणतो. शेजारी काय अडलंय याकडे लक्ष नाही. कामाच्या आकाराला टीम अंदाजाने गुण देते; एका खेपेत किती गुणांचं काम उरकलं, तो तिचा वेग. साहेबाने हा वेग वाढवा म्हटलं की टीमही हुशार असते. मागच्या खेपेला ५ गुणांचं म्हटलेलं काम या खेपेला ८ चं होतं, आणि तक्त्यावरची रेघ वर जाते. काम तेवढंच. बरं, हे गुण आणि हा वेग त्या मार्गदर्शिकेत आहेतच कुठे? एकदाही नाहीत.

आराखडा नको, हे तर उलटंच आहे. महिन्याच्या स्प्रिंटला, म्हणजे कामाच्या एका ठरावीक मुदतीच्या टप्प्याला, नियोजनासाठी आठ तासांपर्यंतची मुभा आहे, आणि रोजची पंधरा मिनिटंही मुळात पुढच्या दिवसाचं नियोजन सुधारण्यासाठीच असतात. वर्षाचा एकच आराखडा करून फडताळात ठेवायचा, त्याऐवजी तो रोज हातात घ्यायचा. कष्ट वाढतात, कमी होत नाहीत.

राहिला मॅनेजर. इथे संदेशात अर्धं सत्य आहे, म्हणून तो खपतो. स्क्रममध्ये प्रॉडक्ट ओनर (कोणतं काम आधी हे ठरवणारा), स्क्रम मास्टर (रीत नीट चालते का बघणारा) आणि डेव्हलपर (प्रत्यक्ष काम करणारे) अशा तीनच जबाबदाऱ्या आहेत; मॅनेजर नावाची खुर्ची नाही. कोण काय करणार, कधी, कसं, हे टीम स्वतः ठरवते. पण त्याच मार्गदर्शिकेत हेही आहे की प्रॉडक्ट ओनर म्हणजे एकच माणूस, समिती नव्हे, आणि चालू स्प्रिंट रद्द करायचा अधिकार त्याच्याशिवाय कोणाला नाही. खुर्ची गेली म्हणून निर्णयाला धनी नको, असं कोणी म्हटलेलं नाही.

आपल्याकडे हे नवीन नाही. धुळे जिल्ह्यात पांझरेवर शतकांपासून फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच, आणि कुठल्या फडात काय लावायचं हे हंगामाआधी शेतकरी मिळून ठरवणार. वरून कोणी साहेब नाही. तरी पाणी कोणी मनाने फोडून घेत नाही, ते पाटकरी देतो. देखरेखीला हवालदार, राखणीला जागल्या, भांडण झालं तर पंच. वरती धरणं झाल्यावर बरेच फड मोडकळीला आले, तो वेगळा विषय. पण स्वतःचं स्वतः चालवणं म्हणजे काय, हे त्या पाटावर जेवढं कळतं तेवढं दोन दिवसांच्या प्रमाणपत्रात कळत नाही. साहेब नाही म्हणूनच तिथे कोणाचं काम कोणतं हे इतकं नेमकं ठरलेलं आहे.

मला ते उशिरा कळलं. आम्ही पाच जण एका डाळमिलसाठी वजनपावतीचं सॉफ्टवेअर करत होतो. सगळे सारखे, कोणी मोठा नाही, याचा केवढा अभिमान! पोत्याच्या वजनातून बारदानाचं वजन वजा करायचं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. एकाने ते काट्याच्या पडद्यावर वजा केलं, दुसऱ्याने बिलाच्या हिशेबात. रोज बैठकीत दोघेही ‘बारदानाचं झालं’ म्हणायचे आणि बाकीचे माना डोलवायचे. दोन आठवड्यांनी मिलमध्ये दाखवायला नेलं. मुनीमजींनी एक पावती हातावर धरली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, ‘काय रे भो, शेतकऱ्याचं बारदान दोनदा कापता का?’

चूक हिशेबाची होती, पण घडली ती वजनाचा नियम मुनीमजींना विचारायचा कोणी, हे कोणाचंच काम नव्हतं म्हणून. परतताना रिक्षात कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ठरलं की मिलशी बोलणार एकच जण, कोणतं काम आधी हे सांगणारही तोच, आणि मुनीमजींचं प्रत्येक उत्तर एका वहीत उतरवायचं. वही अजून ऑफिसात आहे. पहिल्या पानावर एकच ओळ आहे, तीही मुनीमजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली: ‘बारदान एकदाच, काट्यावर.’