भिशांना पैसा मिळाला, गिऱ्हाईक मिळालं नाही

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी तंत्रज्ञांना नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं आणि आमच्या पुण्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर दोन तट पडले. ‘बरं झालं, आता तरी हुशार पोरं देशात राहतील’ हा एक. ‘राहून करतील काय, ट्रॅफिकमध्ये बसतील?’ हा दुसरा. वाद रंगात आला की कुणीतरी जुने मराठी यंत्रसंशोधक शंकर आबाजी भिसे यांचा फोटो टाकतोच, तसा तो याही वेळी पडला. खाली मजकूर: भारताचे एडिसन, ज्यांना आपण विसरलो. त्याखाली हात जोडलेल्यांची रांग.

मी न्यू जर्सीतल्या एडिसन नावाच्याच गावात राहतो. खऱ्या एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच गावाच्या हद्दीत होती. आता इथे ओक ट्री रोडवर वडापाव आणि साड्या मिळतात. रोज पत्त्यात ते नाव लिहिणाऱ्याला ‘भारताचे एडिसन’ या पदवीचं फारसं अप्रूप राहत नाही. मला भिसे त्या पदवीसाठी महत्त्वाचे वाटतही नाहीत. ते परदेशी गेले, त्यांना मोठमोठ्या देशभक्तांचं पाठबळ मिळालं, आणि तरीही ज्या यंत्रासाठी त्यांनी जीव टाकला ते बाजारात उभं राहिलं नाही. आपल्या ग्रुपवरच्या दोन्ही तटांना ही गोष्ट अडचणीची आहे.

भिसे १८६७ साली मुंबईत जन्मले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनला गेले तेव्हा त्यांच्याजवळ दिनशा वाच्छांचं दादाभाई नौरोजींच्या नावे पत्र होतं. दादाभाईंनी त्यांना नुसता आशीर्वाद दिला नाही, त्यांच्यासाठी भांडवलदार शोधत फिरले. जिनसा आपोआप तोलून देणारं यंत्र, विजेवर जाहिराती दाखवणारं यंत्र असे बरेच उद्योग भिशांनी केले. पण त्यांचा खरा ध्यास होता छापखान्याचे खिळे पाडणारं यंत्र, ‘भिसोटाइप’.

खिळा म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. शिसं, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रधातूचा तो लहानसा तुकडा, डोक्यावर उलटं अक्षर. वितळलेला धातू साच्यात जोराने भरायचा, तो थिजू द्यायचा, खिळा बाहेर ढकलायचा, बुडाशी राहिलेलं शेपूट तोडायचं, पुन्हा भरायचा. दोन खिळ्यांच्या उंचीत केसाइतका फरक पडला तरी एक अक्षर कागदात रुततं आणि शेजारचं उमटतच नाही. वेग वाढवावा तर साचा तापतो, तापला की धातू वेळेत थिजत नाही. भिशांचा दावा मिनिटाला १२०० खिळ्यांचा होता. उत्पादनातल्या माणसाला हा आकडा ऐकून आधी त्या साच्याची काळजी वाटते, मग कौतुक.

लंडनमध्ये समाजवादी नेते हिंडमन यांनी या यंत्रासाठी भांडवल उभं करायचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे गोपाळ कृष्ण गोखल्यांनी शब्द टाकला आणि सर रतन टाटांनी पैसा घातला. हे रतन टाटा म्हणजे जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, २०२४ मध्ये गेलेले नव्हेत. गांधींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या लढ्याला आणि पाटलीपुत्राच्या उत्खननालाही त्यांनीच पैसे दिले होते.

माझ्या मते गोम नेमकी इथे आहे. दादाभाई, गोखले, टाटा यांच्यापैकी कुणीच छापखान्याच्या धंद्याची गरज म्हणून यात पडलं नव्हतं. म्हणजे रात्री दोन वाजता जुळारी (खिळे जुळवणारे कामगार) कमी पडले म्हणून उद्याचा अंक अडकलाय, अशी वेळ यांच्यातल्या कुणा पैसेवाल्यावर येत नव्हती. पैसा आला तो हिंदी माणसाचं डोकं जगाला दिसावं म्हणून. हेतू थोर होता, पण असा आश्रयदाता यंत्राशी भांडत नाही. गिऱ्हाईक भांडतं.

शेजारी ओटमार मर्गेंथालरला ठेवून बघा. हा जर्मन पोरगा घड्याळदुरुस्ती शिकून १८७२ मध्ये अठराव्या वर्षी अमेरिकेत आला. त्याच्याकडे मजकूर झटपट छापायच्या यंत्राचं काम घेऊन आला जेम्स क्लेफेन, वॉशिंग्टनचा लघुलेखक. त्याला कज्जांची टिपणं भराभर छापून हवी होती. हा क्लेफेन इतका खवट की टाइपरायटरचे सुरुवातीचे नमुने त्याच्याकडे तपासायला दिले तर तो ते वापरून मोडून परत पाठवायचा. पुढे पैसे घालायला जे आले ते वृत्तपत्रवाले होते, आणि ३ जुलै १८८६ रोजी न्यूयॉर्क ट्रिब्यून या वृत्तपत्रात मर्गेंथालरचं लायनोटाइप, म्हणजे अख्खी ओळ एकदम ओतणारं यंत्र, प्रत्यक्ष कामाला लागलं. यंत्र अडायचं तेव्हा अंक अडायचा, मग लगेच दुरुस्ती व्हायची. मर्गेंथालरचंही या मंडळींशी बिनसलंच. तो कंपनीतून बाहेर पडला आणि १८९९ मध्ये क्षयाने वारला. म्हणजे अमेरिकेने त्याला डोक्यावर घेतलं असंही नाही. पण यंत्र जगलं.

भिसोटाइपला टाटांचा पैसा मिळेपर्यंत लायनोटाइप आणि एकेक खिळा पाडून जुळवणारं मोनोटाइप छापखान्यांत रुजलेही होते. कारागीर त्यांवर शिकलेले, सुटे भाग दारात येत होते. त्यातच पहिलं महायुद्ध आलं. भिसे १९१६ मध्ये न्यूयॉर्कला आले, इथे पुन्हा खिळ्यांच्या यंत्रासाठी कंपनी काढली. त्यांच्या नावाशी जोडलेलं आणि खपलेलं म्हणाल तर ते आयोडीनचं औषध, अ‍ॅटोमिडीन. १९३५ मध्ये ते न्यूयॉर्कलाच वारले.

आता दुसऱ्या तटाशी. ‘परदेशात गुणांची कदर होते’ असं जे म्हणतात त्यांनी तारखा बघाव्यात. भिसे इथे आले आणि फेब्रुवारी १९१७ मध्ये अमेरिकेने हिंदुस्थानसकट बहुतेक आशियाला दार लावून घेतलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिकच होऊ शकत नाही असा निकाल दिला. ते दार किलकिलं झालं १९४६ मध्ये, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. आज मी ग्रीनकार्डच्या रांगेत आहे. एका देशाला सात टक्क्यांवर कार्डं द्यायची नाहीत या नियमामुळे ती रांग सरकत नाही. माझ्या नावावर पेटंट आहे, मालकी कंपनीची. नोकरीच्या पहिल्याच दिवशी तशी सही करून दिली आहे. एखादी कल्पना घेऊन बाहेर पडावं म्हटलं तर व्हिसा नोकरीला बांधलेला. भिसे निदान स्वतःची कंपनी काढून बुडवू शकत होते.

तरीही इथली एक गोष्ट मला दिसते आणि ती मी लपवणार नाही. आमच्या कारखान्याने मागे ओहायोतल्या एका छोट्या कंपनीकडून तपासणीचं यंत्र घेतलं. त्या कंपनीचं ते पहिलंच. दोन महिने ते धड चाललं नाही. खरेदीवाल्याने ना पैसे अडवले, ना दुसरा पुरवठादार गाठला. आठवड्याला एकदा त्यांचा माणूस यायचा, आमचा फोरमन त्याला शिव्या घालायचा आणि चुकांची यादी द्यायचा. त्या यादीतून ते यंत्र घडलं.

हे मी ग्रुपवर लिहिल्यावर भोसरीत टूलरूम चालवणाऱ्या मित्राने फोनच केला. त्याने गिअरच्या दात्यांची खोट कॅमेऱ्याने पकडणारं यंत्र बनवलं आहे, चांगलं आहे. “अरे, जिथे जातो तिथे पहिला प्रश्न एकच, आणखी कुठे बसवलंय? कुठेच नाही म्हटलं की म्हणतात, बसवलं की या.” सरकारी टेंडरला तीन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो. नवउद्योगांना सवलत आहे, पण ती द्यायला साहेब धजत नाही. उद्या चौकशी झाली तर सर्वांत कमी दरवाल्याला दिलं होतं म्हणणं सोपं. आणि माल गेलाच तर पैसे नव्वद दिवसांनी. कायदा पंचेचाळीस म्हणतो.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये संशोधनासाठी एक लाख कोटींची योजना मंजूर केली, त्याचं स्वागतच आहे. जीडीपीच्या पाऊण टक्काही आपण संशोधनावर खर्च करत नाही. पण पैसा म्हणजे पुन्हा टाटाच झाले. क्लेफेन कुठून आणायचा? तो योजनेत बसत नाही. तो चाकणच्या, अंबडच्या, शेंद्र्याच्या कारखान्यांच्या खरेदी विभागात बसलेला असतो आणि त्याला जर्मन यंत्र घेतल्याबद्दल आजवर कुणी जाब विचारलेला नाही. त्यामुळे पोरं अमेरिकेला गेली की राहिली, या वादाला मी फार किंमत देत नाही. राहिलेल्यांचं यंत्र आपण घेतो का, ते बोला.

ग्रुपवर आता भिशांच्या नावाने पुरस्कार काढायची टूम निघाली आहे. परदेशस्थांनी डॉलरमध्ये द्यावेत अशी सूचना आहे. मी वर्गणी देणार नाही असं कळवलं. त्याऐवजी ग्रुपमधल्या सात-आठ कारखानदारांनी भोसरीचं यंत्र आळीपाळीने महिनाभर आपल्या लाइनवर लावावं, त्याचं भाडं मी भरतो, असं लिहिलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग चाकणच्या एकाने विचारलं, “लाइन थांबली तर नुकसान कोण सोसणार?” प्रश्न रास्त आहे. पहिल्या महिन्याचं निम्मं मी सोसतो असं उत्तर दिलंय. उरलेल्या निम्म्यावर घासाघीस चालू आहे.