बारीक माणसांनी काय उतरवायचं?

टाईप टू डायबिटीसमध्ये इन्सुलिन भरपूर असतं, फक्त शरीर त्याला दाद देत नाही म्हणून वजन उतरवा, असं डायबिटीसवरच्या या लेखात ठोकून दिलंय. हे अर्धंच झालं. स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी दमतात त्याचं काय? ब्रिटनच्या यूकेपीडीएस या डायबिटीसवरच्या मोठ्या अभ्यासात निदानाच्या वेळीच त्यांची जवळपास ५० टक्के ताकद गेलेली असते असा अंदाज निघाला होता.

आमचे देवगडचे काका, जन्म आंब्याच्या कलमांवर चढण्यात गेला, अंगावर मांस नाही, ते काय उतरवणार? जो येईल तो म्हणे पेज बंद करा भात बंद करा, आणि इकडे शुगर उतरवायची ग्लिमेपिराइडची गोळी वाढतेय. ती गोळी बीटा पेशींचं पोटॅशियमचं दार बंद करून त्यांना इन्सुलिन सोडायला लावते, पण पेशीच उरल्या नसतील तर ती कामाला लावणार कोणाला? शेवटी एका डॉक्टरांनी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते दाखवणारी रक्ताची तपासणी) करायला लावलं, ते अगदीच कमी निघालं, मग इन्सुलिन सुरू झालं आणि शुगर आटोक्यात आली (काकी अजून सुई बघून तोंड फिरवते). पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या, डायबिटीसवर संशोधन करणाऱ्या डॉ. याज्ञिकांच्या टीमला आपल्या भागातल्या तरुण पेशंटांत इन्सुलिन कमी पडणारा प्रकारच जास्त दिसलाय, त्याबद्दल लेखात एक ओळ नाही?