चंगीझखानाचा मंगोल मारेकरी: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

चंगीझखानाच्या मृत्यूविषयी एक मजकूर गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर ‘दडवलेला इतिहास’ म्हणून फिरतो आहे. त्याचा सारांश असा: चंगीझखानाच्या क्रौर्याला विटलेला एक मंगोल धनुर्धर त्याच्याविरुद्ध उभा राहिला आणि इराण-सीरियातील ‘हशाशीन’ मारेकऱ्यांना जाऊन मिळाला. १२२७ मध्ये वायव्य चीनमधील पश्चिम शिया या राज्याच्या राजधानीला वेढा पडलेला असताना त्याने सीरियन साथीदारांच्या मदतीने खानाला बाणाने टिपले. मंगोलांनी ही नामुष्की झाकली, दरबारी इतिहासकारांनी ‘आजार’ लिहून विषय मिटवला, आणि त्या एका बाणामुळे जग मंगोलांच्या तावडीतून सुटले.

हा धनुर्धर एका लोकप्रिय व्हिडिओ गेमच्या कथाविश्वातला आहे. कथेने इतिहासातील मोकळ्या जागा कल्पनेने भराव्यात, यात गैर काही नाही. परंतु ती कल्पना घटना म्हणून सांगितली जाऊ लागली की तिच्यातला एकेक भाग साधनांवर घासून पाहावाच लागतो, आणि तसे केल्यावर हा दावा एकाही ठिकाणी टिकत नाही.

आधी मृत्यूच पाहू. चंगीझखान ऑगस्ट १२२७ मध्ये तंगुतांविरुद्धच्या, म्हणजे पश्चिम शियाविरुद्धच्या, मोहिमेत मरण पावला, एवढे निर्विवाद आहे. आज चीनच्या निंगशिया प्रदेशात असलेले यिन्च्वान हीच तंगुतांची राजधानी. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दशकांत सिद्ध झालेला ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ सांगतो, की मोहिमेच्या पहिल्या हिवाळ्यात अरबुका येथे खान रानगाढवांच्या शिकारीला निघाला होता. कळप अंगावर आला, त्याचा घोडा बिथरला आणि खान खाली पडला. रात्री त्याला ताप भरला. सकाळी त्याची राणी येसुई हिने सरदारांना बोलावून त्याची अवस्था सांगितली, तेव्हा तोलुन चेर्बीने सल्ला दिला, की तंगुतांची शहरे तटबंदीची आहेत, ती उचलून ते कुठे पळून जाणार नाहीत, तेव्हा आता माघारी जावे आणि खान बरा झाल्यावर परत यावे. खानाने तो मानला नाही. आपण घाबरून परतलो असे तंगुत म्हणतील, असे त्याचे उत्तर होते. पुढच्या वर्षी तो वारला. ‘युआन-शी’ या युआन घराण्याच्या चिनी इतिहासात तो उन्हाळ्यात आजारी पडला आणि आठवडाभरात गेला अशी नोंद आहे, इराणी इतिहासकार जुवैनी रोगट हवेमुळे जडलेल्या असाध्य आजाराचे नाव घेतो. याच नोंदींच्या आधारे २०२१ मध्ये काही संशोधकांनी तो प्लेगने गेला असावा असा तर्क मांडला. तर्क सिद्ध झालेला नाही, पण त्याची दिशा साधनांशी सुसंगत आहे.

मग बाणाची गोष्ट आली कोठून? अशा गोष्टींची मृत्यूनंतर लवकरच रेलचेल झाली. १२४० च्या दशकात मंगोलियाला जाऊन आलेला पोपचा दूत कार्पिनी लिहितो की खान वीज पडून मेला. मार्को पोलो म्हणतो की एका किल्ल्याच्या वेढ्यात गुडघ्याला बाण लागून मेला. सतराव्या शतकातल्या मंगोल बखरी तर त्याच्या मृत्यूचा संबंध तंगुतांच्या पळवून आणलेल्या सुंदर राणीशी जोडतात, जिने त्याला इजा करून स्वतः नदीत जीव दिला. यांतल्या एकाही कथेत पंथाचा मारेकरी नाही, मंगोल फितूर नाही. पोलोच्या बाणाचे वर्णन वेढ्यात कोणालाही लागू शकेल अशा बाणाचे आहे. म्हणजे दंतकथांचा आधार घ्यायचा म्हटला, तरी आजच्या दाव्याला तोही मिळत नाही.

‘मंगोलांनी सत्य दडवले’ हा दाव्याचा सर्वांत चलाख भाग आहे, कारण त्यात खऱ्याचा एक कण आहे. तंगुतांची राजधानी शरण येईपर्यंत खानाचा मृत्यू खरोखरच गुप्त ठेवण्यात आला. परंतु मृत्यूची बातमी काही दिवस लपवणे वेगळे आणि मृत्यूचे कारण कायमचे बदलणे वेगळे. ‘गुप्त इतिहास’ हा लाज झाकणारा ग्रंथ नाही. खान लहानपणी कुत्र्यांना भीत असे, त्याने आपल्या सावत्र भावाला, बेख्तेरला, बाणांनी मारले, त्याची पत्नी बोर्ते हिला शत्रू असलेल्या मर्किट टोळीने पळवून नेले, हे सर्व तो बिनदिक्कत सांगतो. शिवाय मंगोलांना झाकाझाक करायची होती असे मानले, तरी त्यांच्या शत्रूंना ती करण्याचे कारण नव्हते. या मुद्द्यावर माझ्या मते निर्णायक साक्ष दिल्लीची आहे. मंगोलांपासून जीव वाचवून हिंदुस्थानात आलेला मिन्हाज-इ-सिराज जुझजानी याने १२६० च्या सुमारास दिल्लीच्या सुलतानाच्या आश्रयाने ‘तबकात-ए-नासिरी’ पूर्ण केला. मंगोलांविषयी त्याला इतका तिरस्कार आहे की चंगीझखानाला तो शिव्याशापांवाचून उल्लेखत नाही. खान मारेकऱ्याच्या हातून मेल्याची कुणकुण जरी त्याच्या कानावर आली असती, तरी त्याने ती ईश्वरी न्याय म्हणून रंगवून सांगितली असती. त्याने सांगितलेली कथाही चमत्कारिकच आहे: तंगुत राजाला मारल्यावर त्याच्या जखमेतून दुधासारखे पांढरे रक्त आले आणि तिसऱ्या दिवशी खान मेला. अशी अद्भुत कथा नोंदवणारा शत्रुपक्षाचा लेखक खून मात्र विसरतो, हे कोणाला पटेल?

आता त्या पंथाविषयी. ज्यांना हशाशीन म्हटले जाते ते निझारी इस्माइली, शिया मुसलमानांतला एक पंथ. १०९० मध्ये हसन-ए-सब्बाहने इराणच्या डोंगराळ मुलखातला अलमूत किल्ला घेतला आणि त्यांचे राज्य उभे राहिले. (त्यांच्या इमामांची परंपरा पुढे आगाखानांपर्यंत चालत आली, पुण्याचा आगाखान पॅलेस त्याच घराण्याने बांधलेला आहे. म्हणून या समाजाविषयी कल्पित रक्तपाताची भर घालताना जरा जपून बोलावे, असे मला वाटते.) त्यांच्या फिदायांची, म्हणजे पंथासाठी जीव द्यायला निघालेल्या मारेकऱ्यांची, पद्धत ठरलेली होती. हत्यार सुरा, अंतर हाताचे, जागा शक्यतो चारचौघांतली, आणि परत येण्याची अपेक्षा नाही. १०९२ मध्ये सेल्जुक वजीर निझाम-उल-मुल्कला सूफीच्या वेषातल्या फिदाईने भोसकले. ११९२ मध्ये टायर शहरात क्रुसेडरांचा नेता काँराड याला मारणाऱ्या दोघांनीही सुरेच वापरले. लांबून बाण मारून नाहीसा होणारा मारेकरी या परंपरेत बसत नाही. त्या काळी अशी हत्या म्हणजे उघड इशारा असे, आणि तो कोणी दिला हे कळले नाही तर इशाऱ्याला अर्थ उरत नसे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे १२२७ मध्ये निझारी आणि चंगीझखान यांच्यात वैरच नव्हते. जुवैनी निझारींचा कट्टर विरोधक. तरीही निझारींचा दावा तो नोंदवतो, की खान पश्चिमेला उतरला तेव्हा अमू दर्या नदीच्या अलीकडच्या मुसलमान राजांपैकी सर्वांआधी त्यांचा इमाम जलालुद्दीन हसन याने दूत पाठवून मैत्री जोडली. निझारींचा खरा शत्रू त्या वेळी मध्य आशियातील ख्वारझमचा सुलतान जलालुद्दीन होता, तोच जो १२२१ मध्ये चंगीझखानाच्या डोळ्यांदेखत घोड्यासह सिंधू नदीत उडी घेऊन हिंदुस्थानात निसटला. नेमके १२२७ च्या सुमारास निझारी फिदायांनी कोणाला मारले याची नोंद या सुलतानाच्या पदरी असलेल्या नसवीने ठेवली आहे. तिघा फिदायांनी गंजा शहराबाहेर जलालुद्दीनाच्या ओरखान या सरदाराला गाठून ठार केले. मग हातांत सुरे नाचवत, आपल्या इमामाचे, अलाउद्दीनाचे, नाव गर्जत ते शहरात शिरले आणि वजिराच्या घरापर्यंत गेले. वजीर घरी नव्हता. तेथे त्यांनी एका नोकराला जखमी केले. अखेर गच्च्यांवरून लोकांनी दगडांचा वर्षाव करून त्यांना मारले, आणि शेवटच्या श्वासापर्यंत ते ‘आम्ही आमच्या धन्यासाठी कुर्बान’ असे ओरडत राहिले. ज्या पंथाच्या तिघांच्या हातून झालेला एका सरदाराचा खून इतक्या तपशिलाने लिहिला गेला, त्याच पंथाने त्याच सुमारास जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान माणसाला मारले आणि कोणी एक ओळही लिहिली नाही, असे आपण मानायचे आहे.

निझारी मारेकऱ्यांचा धाक मंगोल दरबाराने घेतला, पण तो एका पिढीनंतर. १२५४ मध्ये मंगोलांची राजधानी काराकोरम येथे गेलेल्या रुब्रुक या ख्रिस्ती भिक्षूची कसून चौकशी झाली. त्याच्या कानावर आलेले कारण असे, की चंगीझखानाचा नातू, तेव्हाचा खान मोंगके, याला मारण्यासाठी चाळीस फिदाई वेगवेगळ्या वेषांत शिरल्याची खबर होती. मोंगके त्यांच्या हातून मेला नाही. उलट त्याने धाकटा भाऊ हुलागू याला पश्चिमेला धाडले, १२५६ मध्ये इमाम रुक्नुद्दीन खुरशाह शरण आला आणि अलमूत पडले. दाव्यात या खऱ्या अफवेचे साल मागे ढकलून आणि आजोबाला नातवाच्या जागी बसवून गोष्ट तयार झाली आहे, असे मला वाटते.

मंगोल असून खानावर बाण चालवणारा माणूस मात्र इतिहासात आहे, आणि त्याची हकिकत कल्पित धनुर्धराच्या बरोबर उलट आहे. चंगीझखान तेव्हा तेमुजिन या मूळ नावानेच ओळखला जाई. तायिचिउद या शत्रू कुळाशी झालेल्या लढाईत त्याच्या मानेची शीर तुटली. त्याचा साथीदार जेल्मे याने रात्रभर साकळणारे रक्त तोंडाने चोखून काढले आणि मध्यरात्री पाणी मागणाऱ्या धन्यासाठी अंगावरचे कपडे उतरवून उघड्या अंगाने शत्रूच्या तळात शिरून गाड्यांवर शोधत दह्याची बादली पळवून आणली. त्याच लढाईत टेकडीवरून आलेल्या एका बाणाने तेमुजिनच्या घोड्याच्या मानेचे हाड मोडले होते. तो कोणी मारला असे विचारल्यावर शरण आलेल्यांतला एक तरुण पुढे होऊन म्हणाला, मी मारला. मला मारलेत तर तळहाताएवढी जमीन नासेल, सोडलेत तर तुमच्यासाठी खोल पाणी कापीन. तेमुजिनने त्याला जवळ केले आणि जेबे हे नाव दिले. पुढे हाच जेबे काकेशस ओलांडून रशियाच्या गवताळ प्रदेशापर्यंत मंगोल फौज घेऊन गेला. खानाची सत्ता वाढली ती शत्रूच्या धनुर्धरांना असे आपलेसे करत, हे ज्याने ध्यानात घेतले त्याला एकाकी बंडखोर धनुर्धराची गोष्ट आधीच पोकळ वाटेल.

खानाच्या घरात शिरलेला मारेकरीही खरोखर होऊन गेला, आणि तो तातार होता. आपल्या जमातीच्या कत्तलीतून वाचलेला कार्गिल शिरा भुकेला होऊन खानाची आई होएलुन हिच्या तंबूत आला, भीक मागितली, आणि दाराशेजारी बसला. खानाचा पाच वर्षांचा मुलगा तोलुई आत येऊन बाहेर जाऊ लागताच त्याने मुलाला काखोटीला मारले आणि चालता चालता सुरा उपसू लागला. होएलुनने आकांत केला. खानाचा साथीदार बोरोखुल याची बायको अल्तानी धावली. तिने एका हाताने त्याची वेणी धरली, दुसऱ्याने सुऱ्याचा हात, आणि इतक्या जोराने हिसका दिला की सुरा खाली पडला. तंबूमागे बैल कापत असलेले जेल्मे आणि जेतेई रक्ताच्या हातांनी धावत आले आणि त्यांनी त्याला तिथेच संपवले. जिंकणाऱ्या सत्तेविरुद्ध सूड घेणारा माणूस ज्याला पाहायचा आहे, त्याच्यासाठी हा कार्गिल शिरा अधिक खरा आणि अधिक दुःखद आहे, आणि ज्या मुलाला तो मारू शकला नाही तोच मोंगके आणि हुलागूचा बाप झाला.

राहिला प्रश्न खानाच्या तंबूपर्यंत पोहोचण्याचा. १२०६ नंतर त्याच्याभोवती दहा हजारांची पहारेकरी फौज, केशिग, होती. तिच्यात एक हजार रात्रीचे पहारेकरी, एक हजार भातेकरी (बाणांचे भाते बाळगणारे), बाकीचे दिवसाचे. रात्री तंबूच्या मागून-पुढून फिरणाऱ्याला पकडायचे आणि पहाऱ्यावर किती जण आहेत एवढे विचारणाऱ्यालाही धरायचे, असा दंडक होता. एलजिगिदेई नावाचा विश्वासू सरदारही संध्याकाळी पहाऱ्याच्या जागेवरून गेला म्हणून अटकेत पडल्याचे ‘गुप्त इतिहास’ सांगतो. असा पहारा अभेद्य असतो असे नाही, पण तो भेदला गेला असता तर तेथल्या पहारेकऱ्यांना शिक्षा झाल्याची एखादी खूण कोठेतरी उरली असती.

‘जग वाचले’ हे विधान तर ताबडतोब खोटे ठरते, कारण सर्वांत जवळचे लोकच वाचले नाहीत. खानाचा मृत्यू झाकून ठेवून मंगोलांनी तंगुतांची राजधानी घेतली आणि तिथल्या लोकांची कत्तल केली. वारस आधीच ठरलेला होता. १२२९ मध्ये खानाचा मुलगा ओगेदेई गादीवर बसला. १२३४ मध्ये उत्तर चीनचे जिन राज्य संपले, १२४० मध्ये कीव पडले, १२४१ च्या एप्रिलमध्ये पोलंड आणि हंगेरीच्या फौजा काही दिवसांच्या अंतराने धुळीस मिळाल्या, १२५८ मध्ये बगदादची खिलाफत बुडाली. साम्राज्याचा सर्वांत मोठा विस्तार चंगीझखानाच्या मागे झाला.

खानाच्या मृत्यूने मोहीम थांबल्याची उदाहरणे हवीच असतील, तर ती १२४१ च्या अखेरीस ओगेदेईच्या आणि १२५९ मध्ये मोंगकेच्या मृत्यूनंतर शोधावीत. त्यातही ओगेदेईच्या मृत्यूचा हंगेरीतील माघारीशी किती संबंध होता यावर अभ्यासकांत वाद आहे. मोंगके मात्र सिचुआनमधल्या द्याओयू किल्ल्याच्या वेढ्यात गेला. आजाराने की जखमेने, यावर साधनांत मतभेद आहेत. त्याच्या मागे भावाभावांत गादीची लढाई जुंपली, हुलागूने सीरियातली बहुतेक फौज मागे घेतली, आणि मागे राहिलेल्या तुकडीला इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या फौजेने १२६० मध्ये ऐन जालूत येथे हरवले. द्याओयूचा किल्ला चिनी सेनानी वांग ज्यान याच्या नेतृत्वाखाली त्या वेढ्यात टिकला, आणि पुढेही १२७९ पर्यंत मंगोलांच्या हाती लागला नाही.