सर, फक्त पाच मिनिटांचे काम आहे

गेल्या शनिवारी रात्री सव्वादहा वाजता माझ्या एका विद्यार्थ्याचा निरोप आला, "सर, फक्त पाच मिनिटांचे काम आहे. किकला दम येत नाही, जरा बघता का? उद्या सकाळी टाकायचे आहे." किक म्हणजे तालातला ढोलासारखा जाड ठोका. सोबत प्रोजेक्ट फाइल होती, म्हणजे संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलेली त्याची रचना. ते पाच मिनिटांचे काम रात्री दोन वाजता संपले, आणि नंतर झोप न लागल्यामुळे मला विचार करायला निवांत वेळ मिळाला. विचारांती असे लक्षात आले, की इलेक्ट्रॉनिक संगीताची रचना खासगी शिकवणी लावून शिकण्याची एक पक्की रूढ पद्धत आहे. माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती उपजतच जाणतो, आणि तरीही तिची लेखी नोंद कुणी केलेली दिसत नाही. आपण नव्याने शिकवणी लावणार असाल, तर पुढील सूचना उपयोगी पडतील. त्या नीट पाळल्यास वर्षभरानंतरही आपल्या नावावर एकही पूर्ण रचना नसेल, एवढी हमी मी अनुभवाने देऊ शकतो.

आरंभ अर्थातच सामग्रीपासून करावा. पहिल्या तासाला येण्यापूर्वी आपल्या संगणकावर किमान चाळीस गिगाबाइट सॅम्पल पॅक (तयार आवाजांचे गठ्ठे) आणि सतराएक सिंथ प्लगइन (संगणकात आवाज घडवणारी वाद्ये) असायला हवेत. ते कुठून आले, हे शिक्षकाने विचारू नये आणि आपण सांगू नये. "एकच सिंथ निवडा, त्याचा फिल्टर आणि एन्व्हलप महिनाभर हाताळा, मग पुढचे बघू," असे शिक्षक म्हणाल्यास समजूतदारपणे मान डोलवावी आणि घरी जाऊन अठरावा प्लगइन उतरवून घ्यावा. वादक चरणजित सिंह यांनी १९८२ साली जुपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि टीआर-८०८ हे तालयंत्र एवढ्या तीन यंत्रांवर दहा रागांची अख्खी तबकडी वाजवली, हे उदाहरण शिक्षक देणारच. त्यावर "तेव्हा पर्यायच नव्हते ना सर," असे सहानुभूतीने म्हणावे. टीबी-३०३ हे यंत्र मुळात साथीला बेसवादक नसलेल्या गिटारवादकांसाठी काढले होते, ते बाजारात सपशेल पडले, आणि पुढे शिकागोतल्या काही जणांनी त्याचे नॉब वाजत असतानाच वाटेल तसे पिळून ॲसिड हाऊस नावाची शैली उभी केली, ही गोष्ट तर कानावरच घेऊ नये. यंत्र स्वस्त आणि टाकाऊ असले तरी हात आणि कान चालवले की काहीतरी निघते, असा भलताच निष्कर्ष त्यातून निघतो आणि खरेदीचा उत्साह मावळतो.

घरी मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडायच्या पियानोसारख्या पट्ट्या) असावाच. त्यावर लॅपटॉप छान बसतो.

"थिअरी शिकलो तर माझी स्वतःची शैली बिघडेल," हेही पहिल्याच तासाला जाहीर करून टाकावे. ती शैली नेमकी कोणती, हे विचारण्याचे धाडस शिक्षकाला सहसा होत नाही, कारण महिना नुकताच सुरू झालेला असतो.

थिअरी नको असली तरी आकडे मात्र मागत राहावेत. "सर, साइडचेनची सेटिंग सांगा." किक वाजली की कम्प्रेसर या आवाज दाबणाऱ्या साधनाने बेसला, म्हणजे खर्जातल्या सुरांना, क्षणभर दाबायचे, म्हणजे खालच्या पट्ट्यात दोघांची धक्काबुक्की होत नाही, आणि पुढची किक येण्याच्या आत बेसला पुन्हा वर येऊ द्यायचे, एवढीच त्यातली गोम आहे. लय १२८ बीपीएम (मिनिटाला १२८ ठोके) आणि प्रत्येक ठोक्याला किक असेल तर दोन किकमध्ये सुमारे ४६९ मिलिसेकंद मिळतात. त्या अवधीत बेसने किती वेगाने परत यायचे, हे तो बेस कसा आहे आणि आपल्याला काय हवे आहे यावर ठरते, म्हणजेच ते ऐकून ठरवावे लागते. शिक्षक हे सांगत असताना शांतपणे ऐकून घ्यावे आणि शेवटी विचारावे, "हो सर, पण आकडा किती ठेवू?"

शिकवणी ऑनलाइन असेल तर फारच उत्तम. व्हिडिओ कॉलची यंत्रणा माणसाच्या बोलण्यासाठी रचलेली असते; संथपणे पसरलेला पॅड (लांबवलेल्या सुरांचा थर) किंवा हाय-हॅटची (झांजेची) सळसळ तिला पंख्याची घरघर वाटते आणि ती ते सगळे इमानेइतबारे गाळून टाकते. संगीत ऐकवण्यासाठी हे गाळणे बंद करण्याची सोय असते आणि ती कुठे आहे, हे शिक्षक दर तासाला नव्याने दाखवतो. तिला हात लावू नये. मध्यंतरी एका तासाला मी चार मिनिटे निखळ शांतता ऐकत बसलो होतो आणि पडद्यावर विद्यार्थी डोळे मिटून मान हलवत होता. त्या यंत्रणेचा अभिप्राय कधीकधी माझ्याहून नेमका असतो, हे मात्र प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

तास रद्द करायचा झाल्यास तो सुरू होण्यापूर्वी दहा मिनिटे कळवावे, म्हणजे शिक्षकाची तयारी पूर्ण झालेली असते.

आता मुख्य सूचना. आठ बारच्या पुढे कदापि जाऊ नये. १२८ बीपीएमला चार-चार ठोक्यांचे आठ बार बरोबर पंधरा सेकंदांत संपतात, आणि या पंधरा सेकंदांत आयुष्य काढता येते. लूप चालू करावा आणि ऐकत बसावे. तासाभरात तो दोनशे चाळीस वेळा ऐकून होतो आणि इतक्या वेळा ऐकलेली कोणतीही गोष्ट आपली वाटू लागते. तरीही काहीतरी कमी आहे अशी शंका आलीच, तर त्याच आठ बारवर आणखी एक थर चढवावा. मग आणखी एक. रचना काळात पुढे सरकत नाही म्हणून ती उंचीला वाढवत न्यावी. माझ्या शनिवारच्या विद्यार्थ्याच्या पंधरा सेकंदांत एक्केचाळीस ट्रॅक, म्हणजे थर, होते, आणि त्याची शिकवणी सुरू होऊन सात महिने झालेले आहेत. या सात महिन्यांत मी त्याला किती वेळा सांगितले असेल, की हे आठ बार वीस वेळा शेजारीशेजारी मांड, पाच मिनिटे भरतील, आणि मग खोडत सुट. पहिले सोळा बार नुसती किक आणि हाय-हॅट राहू दे, बेस तेहतिसाव्या बारला येऊ दे, मध्येच आठ बार किक काढून घे, म्हणजे ती परत येईल तेव्हा ऐकणाऱ्याला ती हवीहवीशी झालेली असेल. त्यावर त्याचे उत्तर ठरलेले आहे: "पण सर, काढले की रिकामे वाटते." अहो, रिकामे वाटायलाच हवे! रिकामे वाटले नाही तर भरण्यात गंमत कसली? ड्रॉप, म्हणजे शांततेनंतर सगळे एकदम कोसळते तो क्षण, तर प्रत्येकाला हवा आहे, पण त्याच्या आधीची शांतता कुणालाच नको आहे. १९६३ साली बीबीसीत डेलिया डर्बीशायर यांनी एका दूरचित्रवाणी मालिकेचे शीर्षकसंगीत घडवले, तेव्हा एकेक स्वर टेपवर घेऊन, ती टेप ब्लेडने कापून, तुकडे इंचाइंचाने मोजून चिकटवावे लागत होते. एक स्वर हलवायचा तर कापाकापी आली, म्हणून हलवण्याआधी तो ऐकावा लागे आणि ठरवावे लागे. आमच्याकडे अनडू आहे. कितीही वेळा मागे जाता येते, म्हणून पुढे जायची गरजच उरलेली नाही.

असो. विषय सूचनांचा होता.

"सर, तुम्ही करून दाखवा, मी बघतो," हे वाक्य तासात किमान दोनदा म्हणावे. शिक्षकाने उत्साहाच्या भरात रचना बांधून दिली, की "अगदी हेच माझ्या डोक्यात होते," असे म्हणून फाइल जतन करावी.

प्रोजेक्ट फाइल पाठवायची असेल, तेव्हा केवळ प्रोजेक्ट फाइलच पाठवावी. वास्तविक त्या फाइलमध्ये बहुधा आवाज नसतात, आवाज संगणकावर कुठे ठेवले आहेत याचे पत्ते असतात. म्हणून सर्व सॅम्पल एका फोल्डरमध्ये गोळा करून जतन करण्याची आज्ञा सॉफ्टवेअरमध्ये दिलेली असते, आणि ती वापरायला एक क्लिक पुरते. हे मी दुसऱ्या आठवड्यात शिकवतो. शनिवारी फाइल उघडली, तर एकोणतीस सॅम्पल बेपत्ता. ते त्याच्याकडून मागवता मागवता अकरा वाजले, कारण बरेचसे डाउनलोडच्या फोल्डरमध्ये होते आणि दोन एका पेन ड्राइव्हवर होते, जो मित्राकडे होता. ते दोन अखेर आलेच नाहीत. ट्रॅकना नावे नव्हती. ऑडिओ १, ऑडिओ २, ऑडिओ ३, असे थेट ऑडिओ ४१ पर्यंत. किक शोधण्यासाठी मी एकेक ट्रॅक सोलो करत, म्हणजे एकटाच वाजवत, गेलो, तेव्हा ती ऑडिओ २३ निघाली. ऐकली, तर चांगली भरीव होती. मग तिचा दम गेला कुठे? ऑडिओ २४ सोलो केला, तर तीच किक तिथे पुन्हा होती, जोर यावा म्हणून दुप्पट केलेली, फक्त हाताने टाकताना सुमारे दहा मिलिसेकंद मागे सरकलेली. पन्नास हर्ट्झच्या आवाजाचे अर्धे आवर्तन दहा मिलिसेकंदांचेच असते. म्हणजे एका किकची लाट वर जाताना दुसरीची खाली येत होती आणि दोघी मिळून एकमेकींचा तळ खाऊन टाकत होत्या. किक ऐकू येत नव्हती, कारण तिने दोनदा वाजावे असा बंदोबस्त केला होता. उपाय म्हणून मास्टर चॅनेलवर, जिथून सगळे आवाज एकत्र बाहेर पडतात, एकापुढे एक असे तीन लिमिटर (आवाजाची उसळी छाटणारी साधने) बसवले होते, जेणेकरून जे काही उरले होते, ते तरी सपाट होऊन मोठ्याने वाजावे. इतके मोठ्याने वाजवून करायचे काय, हाही प्रश्नच आहे, कारण स्पॉटिफायसारखी सेवा गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (हे ऐकू येणाऱ्या मोठेपणाचे माप) पातळीला आणून ऐकवते. ठेचून मोठे केलेले गाणे तिथे निमूटपणे खाली ओढले जाते आणि ठेचलेलेच राहते.

ऑडिओ २४ बंद केला. दम आला. ही ती पाच मिनिटे. उरलेले तीन तास कशात गेले, तर पंधरा सेकंदांची तीन मिनिटे करण्यात, कारण सकाळी टाकायची ती रचना होती आणि रचना अस्तित्वात नव्हती. बेस कुठे यावा, कुठे थांबावा, मधला भाग कोणत्या स्वरावरून उचलावा, शेवट कसा सुटावा, हे सगळे मी ठरवले. दोन वाजता फाइल पाठवली.

रविवारी सकाळी त्याचे उत्तर आले: "सर, भारी झालंय! पण बेस थोडा कमी वाटतोय." कशावर ऐकले, असे मी विचारले. फोनवर. फोनच्या स्पीकरवर. जो स्पीकर नखाएवढा असतो आणि ज्यातून पन्नास हर्ट्झ निघणे शक्यच नाही, तो कानाला लावून मला बेस कमी असल्याचे कळवण्यात आले. दुपारी ती रचना त्याच्या नावाने झळकली आणि खाली एक ओळ होती, मास्टरिंगसाठी सरांचे आभार. मास्टरिंग म्हणजे तयार रचनेवरून फिरवलेला शेवटचा हात.

आता 'आपण' पुरे झाले. हा लेख तू वाचणार आहेस, हे मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्याशीच बोलतो. आठवड्यात १६८ तास असतात. त्यातला एक तू माझ्याकडे येतोस आणि उरलेल्या १६७ तासांत ती फाइल एकदाही उघडत नाहीस, हे फाइलवरची तारीख मला दर वेळी सांगते. तुला संगीत रचायचे नाही, तुला ते रचलेले असायला हवे आहे. बेस कधी यावा हे ठरवायला तुला भीती वाटते, कारण ठरवले की ते चुकू शकते, आणि मग वाईट रचना तुझी असते. ती असू दे ना. माझ्या पहिल्या दहा रचना मी आज कुणाला ऐकवणार नाही, पण त्या पूर्ण आहेत. तू मला फी देतोस ती तुझ्या जागी निर्णय घेण्यासाठी नाही, आणि शनिवारी मी ते घेतले ही माझी चूक होती. ती फाइल मी उघडायलाच नको होती. मीच तुला ही सवय लावली आहे. उद्यापासून ती मोडणार आहे.

सात वाजता तास आहे. माझी तीन मिनिटे पुसून टाक आणि तुझे आठ बार परत घे. मास्टरवरचे तिन्ही लिमिटर काढ. नववा बार ते चोविसावा बार तू स्वतः लिहून आण, कितीही वाईट असले तरी चालतील, फक्त ते पहिल्या आठांची प्रत नसावेत. सॅम्पल एका फोल्डरमध्ये गोळा करून आण. आणि ऑडिओ २३ चे नाव 'किक' असे ठेव.