बटाट्यावरून लग्नापर्यंत

वादाला तोंड फुटलं ते बटाट्यावरून. दीपा गेले पंधरा दिवस ती मध्ययुगीन प्रेमकादंबरी दिसेल त्याच्या गळ्यात मारत होती. सुहासनं ती एकदाची वाचून परत आणली आणि कट्ट्यावर टेकायच्या आधीच खूण घातलेलं पान उघडलं.

"साल १२९६. किल्ल्याच्या मुदपाकखान्यात नायिका बटाटे सोलतेय. बटाटा दक्षिण अमेरिकेतून युरोपात यायला अजून पावणेतीनशे वर्षं आहेत! आणि तुझा तो स्कॉटिश सरदार किल्ट, म्हणजे तो चुण्यांचा लोकरी घागरा, घालून हिंडतोय. तसला खांद्यावरून घ्यायचा मोठा किल्ट सोळाव्या शतकाच्या अखेरीला दिसायला लागतो."

"तू प्रेमकथा वाचत होतास की पंचनामा करत होतास?" दीपा म्हणाली.

खरं सांगायचं तर मला तो बटाटा वाचताना दिसलाच नव्हता. पण सुहासला एकदा बटाटा सापडला की त्याला पुढचं काही दिसत नाही.

मुक्ताचं दुखणं वेगळं होतं. "बटाटे राहू देत. राजाच्या हुकमानं तिचं लग्न शत्रूशी लावून देतात, शंभर पानं ती धुसफुसते, मग तो जखमी होतो, ती मलमपट्टी करते आणि झालं प्रेम. हे मला पटत नाही. तिच्यापुढे दुसरा रस्ताच नव्हता, मग त्याला प्रेम कसं म्हणायचं?"

यावर अण्णा बोलले. ते बोलायला लागले की आम्ही मध्ये तोंड घालत नाही, निदान पहिली दोन मिनिटं.

"हुकमाचं मात्र लेखिकेनं बरोबर लिहिलंय. बाप राजाकडून जमीन धरून असेल आणि वारस लहान असताना गेला, तर जमीन आणि वारस दोन्ही राजाच्या ताब्यात. त्या मुलीचं लग्न लावायचा हक्क राजा चक्क विकायचा, नाहीतर कुणाला बक्षीस द्यायचा. १२१५ च्या मॅग्ना कार्टात, म्हणजे इंग्लंडच्या राजाकडून सरदारांनी घेतलेल्या सनदेत, विधवेवर पुन्हा लग्नाची सक्ती करायची नाही असं कलम आलं. कुमारिकेला एवढंच, की तिला कमी दर्जाच्या घरात देऊ नका."

"पण चर्चला तर दोघांची संमती लागायची ना, अण्णा?"

"लागायची. मुलगी बारा वर्षांची, मुलगा चौदाचा, दोघांनी 'हो' म्हटलं की लग्न पक्कं."

"बारा वर्षांची पोर 'हो' म्हणते ते नवऱ्याला, की राजाला?" मुक्तानं विचारलं. अण्णा गप्प झाले.

दीपानं विल्यम मार्शल या इंग्लिश सरदाराला पुढे केलं. इस्टेट नसलेला धाकटा मुलगा, तलवारीवर नाव कमावलेला. ११८९ साली राजानं त्याला इझाबेल द क्लेअर दिली. तिच्या पदरात अफाट जमीन. ती सतराच्या आसपास, तो चाळिशी ओलांडलेला. "तीस वर्षं संसार झाला त्यांचा. दहा मुलं!"

"दहा मुलं हा प्रेमाचा पुरावा?" मुक्ता म्हणाली आणि सुहाससुद्धा हसला.

आता माझं मत. शेवट गोड होणार हे अशा कादंबरीत पहिल्या पानालाच ठरलेलं असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला खटकली ती नायिका. घोडा फेकते, भर सभेत राजाला सुनावते, बोलते तर अगदी आजच्या मुलीसारखी, आणि याची किंमत म्हणून तिचं एक नखही मोडत नाही. त्या काळच्या बायका मुक्या होत्या असं लेखिकेनं धरून टाकलं असावं. मग धीट बाई हवी म्हणून ती आपल्या काळातून उचलून तिकडे नेऊन ठेवली.

म्हणून मी मार्जरी पॅस्टनची गोष्ट काढली. इंग्लंडमधल्या नॉरफोकचं पॅस्टन घराणं, पंधरावं शतक. त्यांची पत्रं अजून शिल्लक आहेत. मार्जरीनं घरच्याच कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्नाची वचनं दिली-घेतली. साक्षीदार नाही, पाद्री नाही. पण 'मी तुला वरते' असं वर्तमानकाळी क्रियापदात म्हटलेलं असेल तर चर्चच्या लेखी तेही लग्नच. घरात गहजब झाला. भावानं लिहिलं, माझ्या बहिणीला फ्रॅमलिंगहॅमला मेणबत्त्या आणि मोहरी विकायला बसवणाऱ्याला माझी मर्जी कधीच मिळणार नाही.

"मोहरी!" दीपा म्हणाली. "हे सुचायला हवं होतं."

१४६९ मध्ये नॉरिचच्या बिशपनं दोघांना वेगवेगळं बसवून विचारलं, नेमके कोणते शब्द बोललात? सगळा खटला त्या शब्दांवर. तिनं ते जसेच्या तसे सांगितले. वर म्हणाली, एवढ्यानं पक्कं होत नसेल तर इथून जायच्या आधी आणखी पक्कं करून जाते. लग्न टिकलं. आईनं मात्र तिला दार बंद केलं, आणि हेही आपल्याला आईच्याच पत्रातून कळतं.

मुक्ता जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आईनं ते वाक्य लिहून ठेवलं. रागानं का होईना, पण लिहिलं."

सुहास दीपाची कादंबरी पिशवीत परत कोंबत होता. "ही गोष्ट चालेल मला," तो म्हणाला. "हिच्यात बटाटे नाहीत."