सेफ साइडचा देव

आई आयसीयूत होती तेव्हा मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, अरे तू मानत नाहीस ठीक आहे, पण एक नवस बोलून ठेव ना, देव असला तर काम होईल, नसला तर तुझं काय जातंय? आणि मी बोललो. लिफ्टशेजारी गणपतीची तसबीर होती, काचेवर कोणीतरी कुंकवाचं बोट टेकवलेलं, तिथे उभं राहून एकवीस मोदक कबूल केले.

आई बरी होऊन घरी आलीये. पण ते 'काय जातंय' डोक्यातून जात नाहीये.

हाच हिशोब ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने सतराव्या शतकात मांडला होता. देव असला तर अनंत सुख, नसला तर नुकसान अगदी थोडं, म्हणून पैज देवावर लावा. ऐकायला एकदम पटतं. पण त्याच्यासमोर एकच देव होता, ख्रिस्ती लोकांचा. आपल्याकडे कुठला धरायचा? आणि धरला त्याऐवजी दुसराच खरा निघाला आणि त्याला राग आला तर? शिवाय बक्षीस अनंत धरलं की शक्यता कितीही बारीक असू दे, गुणाकार अनंतच येतो, मग उद्या एखादा बाबा म्हणाला मोक्ष देतो, अंगावरचं सोनं काढून दे, तर त्यालाही हेच गणित लागू होतं की! लोक असेच लुटले जातात, आजारी माणसाला दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात, तिथेही सुरुवात 'करून बघायला काय जातंय' अशीच असते. जातं हो, खूप जातं.

आणि ठरवून विश्वास बसतो का? पास्कललाही हे माहीत होतं, म्हणून तो म्हणतो की विश्वास असल्यासारखं वागा, मिसा म्हणजे चर्चमधली उपासना करा, तीर्थ घ्या, हळूहळू बसेल. मला हे पटत नाही. पण त्याची स्वतःची श्रद्धा काही गणितातून आलेली नव्हती. १६५४ मध्ये, ज्या वर्षी तो फर्मा या दुसऱ्या फ्रेंच गणितज्ञाशी पत्रांतून जुगाराच्या डावांचं गणित सोडवत होता त्याच वर्षी, २३ नोव्हेंबरच्या रात्री त्याला काहीतरी जबरदस्त अनुभव आला, तो त्याने कागदावर लिहून कोटाच्या अस्तरात शिवून ठेवला. १६६२ मध्ये तो गेल्यावर तो कागद सापडला. त्यात पैजेचा हिशोब नाही, तारीख-वेळ झाली की पुढचा शब्दच 'अग्नी' असा आहे.

माझी आजी माळकरी होती. वारीला जायची, पण विठ्ठलाकडे काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. पाय सुजून यायचे, आम्ही तेल लावून द्यायचो, तेव्हाही ती पुढच्या वर्षीचंच बोलत असायची. तिला कोणी विचारलं असतं की आजी, देव नसलाच तर, तर तिला तो प्रश्नच कळला नसता. मला तिच्यासारखा विश्वास नाही. पण म्हणूनच सेफ साइड म्हणून हात जोडणं मला तिचा अपमान वाटतो, आणि देव असेलच तर त्याचाही.

मोदक मात्र करणार आहे, शब्द दिलाय. येत्या संकष्टीला. आई बसल्या बसल्या पाकळ्या काढून देते म्हणालीये.