‘गरोदरपणी मशेरी एकदम सोडू नका’ म्हणे!

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: मशेरी भाजलेली असते, त्यामुळे तंबाखूतलं विष जळून जातं. गरोदर बाईने ती एकदम सोडली तर पोटातल्या बाळाला झटका बसतो आणि पोट पडतं, तेव्हा सोडायचीच तर बाळंतपणानंतर. मशेरीने बाळ बेताचं राहतं, बाळंतपण सुटसुटीत होतं. शिवाय पोट साफ, दात मजबूत. खाली नेहमीचं ‘लेकी-सुनांपर्यंत पोचवा’. पोचला की! आशाताईंच्या ग्रुपवर आला आणि एका ताईंनी विचारलं, मग नोंदणीला आलेल्या बाईला सोडू नको असं सांगायचं का? आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी भाजण्याचं बघू, ते चटकन संपतं. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटली तरी निकोटीन उरतंच. उरलं नसतं तर सकाळी उठल्या उठल्या तलफ कशाची आली असती? उलट भाजण्याने जळकी, कॅन्सरकारक द्रव्यं तयार होतात. आणि घरात सासूबाईंची मशेरी गरोदर सूनच भाजत असेल, तर तो ठसका लावणारा धूर तिच्या छातीत जातो. तेवढं काम तरी दुसऱ्या कुणी करावं.

‘बाळ बेताचं राहतं’ हे मात्र खरं आहे, दुर्दैवाने. मुंबईत गुप्ता आणि श्रीविद्या यांनी 1217 गरोदर बायकांचा बाळंतपणापर्यंत पाठपुरावा केला. तो अभ्यास 2004 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या. तंबाखू न वापरणाऱ्या बायकांच्या बाळांपेक्षा त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. 105 ग्रॅम म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण ती सरासरी आहे. त्याच अभ्यासात 32 आठवड्यांच्या आत बाळ जन्मण्याची शक्यता जवळजवळ पाचपट निघाली. मुंबईतल्याच पुढच्या अभ्यासात, 2006 साली, बाळ मृत जन्मण्याचा धोका 2.6 पट दिसला. हे ते ‘सुटसुटीत बाळंतपण’. अडलेलं बाळंतपण बाळ आडवं आहे का, डोकं कसं उतरलंय, कटीची रुंदी किती यावर ठरतं. शंभर ग्रॅम घटवून ते मोकळं होत नाही. अडीच किलोच्या आतलं बाळ लवकर गार पडतं, त्याची साखर उतरते, ओढायची ताकद कमी पडते. सुटका लवकर झाली म्हणून पेढे वाटायचे आणि बाळ काचेच्या पेटीत, याला सोय म्हणायचं का?

आता सगळ्यात घातक मुद्दा, एकदम सोडण्याचा. निकोटीन वार ओलांडून बाळापर्यंत जातं, रक्तवाहिन्या आवळतं, बाळाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतं. ते बंद झालं तर बाळाचं नुकसान होण्याचं काही कारण नाही. त्रास होतो तो आईला: चिडचिड, डोकेदुखी, झोप उडणं, सारखं खा-खा. पहिले दोन-तीन दिवस जोर असतो, दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. पोट पडण्याशी सांगड कुठून आली तेही कळतं. बाई सोडायचा प्रयत्न करते दिवस राहिल्याचं कळल्यावर, म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत. आणि गर्भपातही बहुतेक त्याच काळात होतात, मशेरी सोडो वा न सोडो. अंगावरून जाऊ लागलं तर मशेरीचा हिशेब मांडत न बसता थेट दवाखाना गाठायचा.

एक गोष्ट मेसेजवाल्यांना ठाऊक नसावी: गरोदरपणात शरीर निकोटीन एरवीपेक्षा जलद निकालात काढतं. म्हणून तलफ लवकर लवकर येते, चार वेळची मशेरी सहा वेळा होते. ‘बाळंतपणानंतर बघू’ म्हणणारी बाई जागच्या जागी राहत नाही, वाढत जाते.

पोट साफ होण्यात अर्धं तथ्य आहे, मान्य करतो. निकोटीनने आतडी हलतात, सोडल्यावर काही दिवस कोठा जड होतो. त्यात लोहाच्या गोळ्या सुरू असतात, त्याही बद्धकोष्ठ करतात. मग बाई गोळीही टाकते आणि मशेरीकडेही परतते. त्याला उपाय पाणी, पालेभाजी, पेरू, रात्री भिजवलेल्या मनुका, आणि तरी जमेना तर सिस्टरांकडून औषध. दातांचं म्हणाल तर निकोटीनने हिरड्यांचा रक्तपुरवठा आवळलेला असतो, म्हणून रोग झाकला जातो. सोडल्यावर रक्त दिसलं की ‘बघा, सोडल्याने झालं’! मऊ ब्रश वापरा, दंतवैद्याला दाखवा. मळमळीवर मशेरी लावत असाल, तर उलटीनंतर पेलाभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून चूळ भरा.

खरी गळती मेसेजच्या आधीपासून आहे. नोंदणीच्या वेळी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की उत्तर येतं ‘नाही’, आणि बाई खोटं बोलत नसते; मशेरी तिच्या लेखी दात घासायची वस्तू. विचारायचं ते असं: दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा, पहिली किती वाजता? इंग्लंडमध्ये गरोदर बायकांची श्वासातल्या कार्बन मोनॉक्साइडवरून तपासणी होते. ते यंत्र इथे कुचकामी, कारण मशेरी लावताना धूर होतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 सालीच सांगितलंय: दर तपासणीला विचारा आणि समुपदेशन द्या. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन या तंबाखू सोडवणाऱ्या गोळ्या गरोदरपणात नकोत. निकोटीनच्या च्युइंगमबद्दल त्यांनी कौलच दिलेला नाही, तेव्हा दुकानातून आपल्या मनाने आणू नये.

आशाताईंनी विचारलेलं माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिलं तरच सिस्टरांना पुढचं विचारता येतं, आणि दर महिन्याच्या 9 तारखेच्या तपासणीत डॉक्टर दोन मिनिटं त्यावर बोलतात. लिहिलं नाही की साखळी तिथेच तुटते. पुढे मशेरी सोडायची दोन आठवड्यांच्या आतली तारीख धरायची. तोवर दुपारच्या वेळा आधी गाळायच्या, सकाळची शेवटी. तलफ पाच-दहा मिनिटांत उतरते. तेवढ्यात चूळ, भाजलेले चणे किंवा बडीशेप. सुपारी, गुल, तपकीर अजिबात नको. लाल मंजन घेताना डबीवर तंबाखू लिहिलंय का पाहायचं. मोरीतली डबी तशीच ठेवून एकट्या सुनेने सोडावी ही अपेक्षा फोल आहे, म्हणून सासूबाईंनाही त्याच बैठकीत बसवायचं. 1800-11-2356 या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो, जिल्हा रुग्णालयात तंबाखू मुक्ती केंद्र असतं.

आणि बाळंतपणानंतर माहेरी गेल्यावर आईची डबी समोर येते, तिथे पुष्कळ जणी पुन्हा सुरू करतात. निकोटीन दुधात उतरतं, म्हणून तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत आशाताईंच्या ज्या घरभेटी होतात, त्यातही हा प्रश्न हवा. पुन्हा लावलीच तर अंगावर पाजणं थांबवायचं नाही. लावायची ती पाजून झाल्यावर, म्हणजे पुढच्या वेळेपर्यंत दुधातलं निकोटीन कमी होतं, आणि बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवायचे.